स्प्ल्यूगेन : घाटमाथ्याखालचे एक मुक्कामाचे गाव

शहापूरकर

नमस्कार मंडळी. झ्युरिकहून इटलीतील कोमो सरोवराकडे मोटारीने जायचे असेल तर बहुतेकजण नकाशा दाखवील त्या वाटेने, म्हणजे गॉटहार्डच्या बोगद्यातून जातात. १९८० साली खुला झालेला हा बोगदा जवळजवळ १७ किलोमीटर लांब आहे. सुट्टीच्या दिवसांत त्याच्या तोंडाशी वाहनांची मोठी रांग लागते, आणि पलीकडे बाहेर पडेपर्यंत आपण आल्प्स ओलांडले हे कळतही नाही. आपल्या भागातून मुलाबाळांना भेटायला तिकडे जाणारे आणि चार दिवस गाडी भाड्याने घेऊन फिरू पाहणारे अनेकजण इथे आहेत. त्यांनी पूर्वेकडची जुनी वाट धरावी आणि घाट चढण्यापूर्वी स्प्ल्यूगेन या गावी एक रात्र काढावी, असे सुचवण्यासाठी हा धागा काढला आहे.

स्प्ल्यूगेन हे गाव स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात, ऱ्हाईनवाल्ड नावाच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचौदाशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या बेळगावच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. झ्युरिकपासून अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास असून खूर शहरापर्यंतचा आणि तिथून पुढचाही रस्ता उत्तम आहे. गावातून दोन खिंडींकडे वाटा फुटतात. एक पश्चिमेला सान बेर्नार्दिनोकडे जाते आणि दुसरी थेट दक्षिणेला स्प्ल्यूगेन खिंडीतून इटलीत उतरते. या दुबेळक्यामुळेच गाव वसले, वाढले आणि पुढे ओसही पडू लागले.

मोटाररस्ते होण्यापूर्वी या वाटेवरचा माल खेचरांच्या आणि घोड्यांच्या पाठीवरून जात असे. ही वाहतूक कोणा एका सावकाराच्या हातात नव्हती. वाटेवरच्या गावांनी आपापले संघ केले होते, त्यांना तिकडे 'पोर्टेन' म्हणत. प्रत्येक संघाने आपल्या टप्प्यापुरताच माल वाहायचा, पुढच्या गावच्या वखारीत तो उतरवून तिथल्या संघाच्या स्वाधीन करायचा, आणि त्या हक्काच्या मोबदल्यात आपल्या टप्प्यातला रस्ता व पूल दुरुस्त ठेवायचे, अशी ती व्यवस्था होती. खालच्या वियामाला घळीतून जाणारी वाट १४७३ साली तूझिस आणि आसपासच्या गावांनी आपण होऊन रुंद करायला घेतली, ती याच हिशेबाने. मला विशेष वाटले ते हे की हिवाळ्यात वाहतूक थांबत नसे. उलट बर्फ घट्ट बसल्यावर घसरगाड्यांवरून माल नेणे सोपे पडे.

१७१६ साली गावाला मोठी आग लागली. त्यानंतर व्यापाऱ्यांनी बांधलेली दगडी, जाड भिंतींची, इटालियन धाटणीची घरे आणि वरच्या उतारावरची वाल्सर लोकांची काळपट लाकडी घरे अशी दोन प्रकारची वस्ती आजही शेजारी शेजारी दिसते. हे वाल्सर लोक तेराव्या शतकात पश्चिमेच्या वाले प्रांताकडून येऊन उंच खोऱ्यांत स्थायिक झालेले जर्मन भाषक होत. १८१८ ते १८२३ या काळात, लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या ताब्यात असताना, कार्लो दोनेगानी या अभियंत्याने खिंडीतून गाडीरस्ता काढला आणि गावाची भरभराट झाली. पुढे १८८२ साली गॉटहार्डची रेल्वे सुरू झाली आणि इथली वाहतूक पाहता पाहता आटली. हातात पैसा न राहिल्यामुळे लोकांनी जुनी घरे पाडून नवी बांधली नाहीत, आणि म्हणूनच ती टिकली, असे माझे मत आहे. १९९५ साली याच जतनासाठी स्प्ल्यूगेनला वाकर पुरस्कार मिळाला, जो स्वित्झर्लंडमध्ये बांधीव वारसा नीट सांभाळणाऱ्या गावांना दिला जातो.

मुक्कामाच्या दृष्टीने सांगायचे तर गाव पाचशे वस्तीच्या आतले आहे, तासाभरात पायी पाहून होते, आणि ते तसेच पाहावे. बोडनहाउस ही चौकातली मोठी इमारत १७२२ सालची, मुळात व्यापारी पेढीची असून पुढे तिचे हॉटेल झाले. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे १८७२ च्या शरद ऋतूत या गावात राहून गेला. तिथेच उतरले पाहिजे असे नाही. लहान अतिथिगृहे आहेत, स्वयंपाकघरासह मिळणारी घरेही आहेत. फक्त संध्याकाळी फार उशिरा पोहोचू नये, कारण लहान गावातली स्वयंपाकघरे लवकर बंद होतात, आठवड्यातून एक दिवस खानावळ पूर्ण बंद असते आणि रविवारी दुकान उघडे मिळेल याची खात्री नसते. सहलीच्या मोसमात राहणाऱ्याकडून भाड्याशिवाय थोडा पर्यटन करही घेतला जातो, त्याचे आश्चर्य वाटू देऊ नये.

निपाणीकर

धागा आवडला. आम्ही तवंदी घाट आणि आंबोली घाट नेहमीच चालवतो, त्यामुळे वळणांचे भय नाही, पण उजव्या बाजूने गाडी चालवत अरुंद घाट चढायचा हे दडपण मोठे आहे. रस्ता प्रत्यक्षात कसा आहे आणि आपल्या के-ए २३ च्या परवान्यावर दोन्ही देशांत गाडी चालवता येते का, हे सविस्तर लिहावे.

शहापूरकर

परवान्याचे आधी सांगतो. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. त्यासाठी नमुना ४-अ भरून द्यावा लागतो, शुल्क १००० रुपये आहे आणि तो एक वर्ष चालतो. स्वित्झर्लंडमध्ये रोमन लिपीतला मूळ परवाना काही काळ चालतो, पण इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत भाषांतर लागते, आणि ही खिंड ओलांडताच तुम्ही इटलीत असता. गाडी भाड्याने घेताना ती इटलीत नेणार असल्याचे कंपनीला आधीच सांगावे आणि तसे करारात लिहून घ्यावे.

स्विस मोटारमार्गांसाठी वर्षाला ४० फ्रँकचा पथकर असून त्याची चिकटपट्टी काचेवर असते किंवा गाडीच्या क्रमांकावर तो ऑनलाइन भरलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या भाड्याच्या गाडीला तो सहसा भरलेला असतो, पण किल्ली घेतानाच विचारावे. खिंडीच्या जुन्या रस्त्याला पथकर नाही. वस्तीत ताशी ५०, वस्तीबाहेर ८० आणि मोटारमार्गावर १२० ही वेगमर्यादा आहे, आणि तिथे 'थोडे इकडेतिकडे' चालत नाही. दिवसासुद्धा दिवे लावून गाडी चालवणे सक्तीचे आहे.

आता रस्ता. स्प्ल्यूगेनपासून खिंडीपर्यंतचा चढ नऊ-दहा किलोमीटरचा असून माथा २१०० मीटरच्या थोडा वर आहे. स्विस बाजूची वळणे एकावर एक रचलेली असली तरी रस्ता मोकळा आणि दृष्टी लांबवर पोहोचणारी आहे. चढताना एकोणिसाव्या शतकात हिमलोटांपासून रक्षणासाठी बांधलेला सुमारे तीनशे मीटर लांबीचा दगडी कमानींचा झाकलेला मार्ग दिसतो. आता तो वापरात नाही, पण थांबून पाहण्यासारखा आहे. इटलीच्या बाजूला आधी मोंतेस्प्लुगाचा तलाव आणि त्याच्या काठची चार घरे लागतात. त्यानंतर काम्पोदोल्चिनोपर्यंत, विशेषतः पियानात्सोजवळ, रस्ता खरोखर अरुंद होतो, कड्याला चिकटून जातो आणि काळोख्या बोगद्यांतच वळणे घेतो. लहान गाडी घ्यावी असा माझा आग्रह याच टप्प्यासाठी आहे. सात आसनी गाडी घेऊन तिथे जाऊ नये.

स्विस नियमानुसार अरुंद चढावर समोरासमोर आलेल्या दोन सारख्या वाहनांपैकी उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. निळ्या पाटीवर पिवळे शिंग काढलेले दिसले की तो टपालबसचा डोंगरी मार्ग आहे असे समजावे. तिथे पिवळ्या बसच्या चालकाने हाताने जी खूण केली असेल ती पाळावी लागते, आणि आंधळ्या वळणाआधी तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला तर वळण रुंद असेल तिथेच थांबावे. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नये, खालच्या गिअरमध्ये उतरावे. घाटात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको, पण भाड्याच्या स्वयंचलित गाडीत तो गिअर हाताने कसा पाडायचा हे सपाटीवरच शिकून घ्यावे.

चिक्कोडी_जैन

माहितीबद्दल आभार. आमच्यासारख्या कंद न खाणाऱ्यांनी अशा गावात काय खायचे? मोठ्या शहरांत भारतीय उपाहारगृहे सापडतात, मात्र डोंगरातल्या खेड्यात ती सोय नसणार. आईवडील बरोबर असल्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी रस्त्यापेक्षाही महत्त्वाचा आहे.

टिळकवाडीची_माहेरवाशीण

या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण आमचे वास्तव्य काही काळ खूरमध्ये होते आणि घरी सासूबाई कडक शाकाहारी होत्या. ग्राउब्युंडेनचे प्रसिद्ध पदार्थ शाकाहाऱ्याला फसवणारे आहेत. सातूचे दाट सूप दिसायला निरुपद्रवी असते, पण त्यात वाळवलेल्या मांसाचे बारीक तुकडे बहुधा असतातच. पालेभाजीच्या पानांत गुंडाळून दुधात शिजवलेले कापुन्सही तसेच. या प्रांताचे सर्वांत नावाजलेले वाळवलेले मांस गोमांस आहे, हेही माहीत असावे. मालुन्स हा पदार्थ मात्र मूळचाच शाकाहारी आहे. आदल्या दिवशी उकडून ठेवलेले बटाटे किसून, त्यात पीठ मिसळून, लोण्यावर मंद आचेवर मोकळे होईपर्यंत परततात. दिसायला भरड उपम्यासारखे हे प्रकरण सफरचंदाच्या गोड गरासोबत खातात. बटाटा चालणाऱ्यांनी तो आवर्जून मागवावा. अक्रोड आणि साखरेच्या पाकाने भरलेली नुसटोर्टे ही इथली मिठाई टिकाऊ असल्यामुळे प्रवासात उपयोगी पडते, मात्र तिच्या पिठात बहुतेक वेळा अंडे असते.

कंद न खाणाऱ्यांसाठी आणि चीजमधील प्राणिज विरजण टाळणाऱ्यांसाठी मी एकच मार्ग सुचवीन, तो म्हणजे स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. खूरमधून निघण्यापूर्वी तांदूळ, डाळ, टोमॅटो, दही आणि फळे घेऊन ठेवावीत, छोटा कुकर आणि मसाल्याचा डबा बेळगावहूनच न्यावा. फोडणीचा वास बाहेर जाईल म्हणून संकोच करू नये, पण खिडकी उघडून ठेवावी आणि रात्री दहानंतर आवाज करू नये, कारण त्या वेळेनंतरची शांतता तिथे गांभीर्याने पाळतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. नळाचे पाणी पितात, आणि गावातल्या दगडी हौदांचे वाहते पाणीही, पिण्यास अयोग्य असल्याची पाटी नसेल तर, पिण्याजोगे असते.

संकेश्वरकर

धागा वाचताना या खोऱ्याविषयी मागे वाचलेली एक गोष्ट आठवली आणि पुन्हा पडताळून पाहिली. १९४० च्या दशकात ऱ्हाईनवाल्डमध्ये वीजनिर्मितीसाठी मोठे धरण बांधण्याची योजना होती आणि तिच्या जलाशयात स्प्ल्यूगेन गावच बुडणार होते. आमच्या हुक्केरी तालुक्यातल्या माणसाला ही बातमी परकी वाटत नाही. हिडकल जलाशयाच्या पाण्यात आमच्याकडची गावे गेली आहेत आणि हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, तेव्हा लोक अजूनही तिथे दर्शनाला जातात. मग स्प्ल्यूगेन वाचले ते कसे? लोकांनी विरोध केला एवढेच कारण पुरेसे नसावे, विरोध तर सगळीकडेच होतो.

शहापूरकर

आपला प्रश्न अगदी नेमका आहे. विरोध झालाच, आणि तो जोरदार होता, परंतु त्याला कायद्याचा आधार होता. ग्राउब्युंडेन प्रांतात वाहत्या पाण्यावरचा हक्क गावांकडे असतो. वीज कंपनीला पाणी वापरायचे असेल तर परवाना गावाकडून घ्यावा लागतो. स्प्ल्यूगेन, मेडेल्स आणि नुफेनेन या गावांनी तो नाकारला. कंपनीने गावांचा नकार बाजूला सारण्यासाठी प्रांतिक सरकारकडे दाद मागितली. १९४४ साली प्रांतिक सरकारने आणि अपिलात १९४६ साली केंद्रीय मंत्रिमंडळानेही ती मागणी फेटाळली. पुरवठ्याची टंचाई असलेल्या युद्धकाळात विजेची गरज पुढे करून गाव बुडवणे सोपे होते, तरीही त्यांनी तसे केले नाही.

आज तुम्ही गावात शिरता तेव्हा उतारावरच्या चर्चपासून खालच्या चौकापर्यंतची सगळी घरे त्या नियोजित जलाशयाच्या जागेत होती, हे ध्यानात ठेवून पाहावे. चौकशी केल्यास वयस्क माणसे या लढ्याविषयी बोलतात. माझे जर्मन यथातथाच असल्यामुळे मी ऐकण्याचेच काम केले.

अनगोळकर

मी विद्युत क्षेत्रात नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळे या चित्राची दुसरी बाजू मांडतो. ऱ्हाईनवाल्डमधले मोठे धरण रद्द झाले म्हणून वीज निर्माण व्हायची थांबली नाही. हिंटरऱ्हाईन नदीवरची योजना वेगळ्या आकारात आलीच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या आरंभी तिचे काम होऊन झुफर्स येथे लहान जलाशय झाला, आणि मुख्य साठा शेजारच्या वाल्ले दि लेई या निर्जन उंच दरीत, सुमारे १४० मीटर उंचीच्या कमानी धरणामागे करण्यात आला. गावांना पाण्याच्या वापरापोटी दरवर्षी रक्कम मिळते आणि अशा खोऱ्यांच्या अर्थकारणात ती मोठी असते. म्हणजे लढा धरण हवे की नको असा राहिला नाही, ते कुठे असावे असा झाला. हिडकलची तुलना करताना हेही लक्षात घ्यावे की तिथे प्रश्न शेतीच्या पाण्याचा होता. साठ्याची जागा उंच निर्जन दरीत हलवण्याचा पर्याय घटप्रभेच्या खोऱ्यात कितपत होता, याची मला शंका आहे.

वाल्ले दि लेईची एक गंमत आपल्या सीमाभागातल्या लोकांना नक्की आवडेल. ही दरी इटलीची असूनही तिचे पाणी उत्तरेकडे वाहून ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्राला मिळते. जलाशय जवळजवळ पूर्ण इटलीत आहे, पण धरणाची भिंत स्विस हद्दीत असावी म्हणून दोन्ही देशांनी तेवढ्यापुरत्या जमिनीची अदलाबदल करून सीमारेषाच सरकवली.

निपाणीकर

अदलाबदल! हे आमच्याकडच्या कोणाला सांगू नका, लगेच गावांची यादी घेऊन येतील.

शहापूरकर

ती चर्चा या धाग्यावर नको, त्यासाठी इथे वेगळे धागे आहेत आणि ते कधीच संपत नाहीत. अनगोळकरांचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त एवढेच म्हणेन की कोणाला विचारून जागा बदलली, हा फरक उरतोच.

खानापूरकर

सगळे वाचले, तरी मला थोडे विरुद्ध मत मांडायचे आहे. वयस्क आईवडील आणि लहान मुले बरोबर असताना पाचशे वस्तीच्या गावात रात्र काढण्यात काय मिळते? संध्याकाळी सात वाजता रस्ते सुनसान, बोलायला भाषा नाही, आणि दुसऱ्या दिवशी पियानात्सोसारखा रस्ता. सान बेर्नार्दिनोचा बोगदा १९६७ पासून आहे, साडेसहा किलोमीटरचा आहे आणि बाराही महिने चालू असतो. त्यातून निघून बेलिंझोनाला राहावे, तिथले तीन किल्ले जागतिक वारसा यादीत आहेत, पुढे लुगानो, मग कोमो. किंवा खिंड ओलांडायचीच असेल तर दुपारीच ओलांडून पायथ्याच्या कियावेन्नाला मुक्काम करावा. ते खरे गाव आहे, बाजारपेठ आहे, आणि डोंगराच्या नैसर्गिक गार हवेवर चालणाऱ्या जुन्या तळघरांतल्या खानावळी आहेत. आम्ही तेच केले आणि सर्वांना आवडले. बकव्हीटच्या पिठाचे किंवा साध्या पिठाचे पित्सोक्केरी मांसाविना मिळते, हा आणखी एक फायदा.

आणि इतिहासाचे म्हणाल तर वाट मोडली की गाव मोडते, हे पाहायला इतक्या दूर कशाला जायचे? आंबोलीचा घाट झाल्यावर वेंगुर्ला बंदराचा माल बेळगावला आणणाऱ्या रामघाटाचे काय झाले, ते आपण जाणतोच.

शहापूरकर

खानापूरकर, कियावेन्ना चांगलेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दुपारी घाट ओलांडायचा म्हणजे सकाळी झ्युरिक सोडल्यापासून खालचे काहीही न पाहता धावायचे, आणि माझ्या मते या वाटेवरची सर्वोत्तम गोष्ट खाली, स्प्ल्यूगेनच्या अलीकडे आहे. त्सिलिस या खेड्यातल्या सेंट मार्टिनच्या चर्चचे लाकडी छत बाराव्या शतकाच्या आरंभी रंगवलेल्या १५३ चौकोनी फळ्यांचे आहे. मधल्या फळ्यांवर ख्रिस्ताचे चरित्र आणि शेवटी सेंट मार्टिनची कथा आहे. कडेच्या फळ्यांवर चहूबाजूंनी समुद्र आणि त्यात माशांच्या शेपटीचे हत्ती, लांडगे, एडके असे चमत्कारिक प्राणी आहेत. मान दुखू नये म्हणून पाहणाऱ्याला हातात आरसा देतात. आमच्या वडिलांना स्विस शिखरांपेक्षा हे छत अधिक आवडले, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या डोंगरी माणसांसाठी कोणीतरी चर्चच्या छताला समुद्राची चौकट घातली, याचा विचार करत आम्ही बराच वेळ बाकावर बसलो होतो.

वियामालाची घळही वाटेतच आहे, पण तिच्या तळाशी जाण्यासाठी साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या पुलावरूनच पाहावे. हे दोन्ही पाहिले की दुपार सरते आणि स्प्ल्यूगेनचा मुक्काम आपोआप योग्य ठरतो. सकाळी ताज्या डोक्याने, उजेडात, टपालबसचे वेळापत्रक पाहून घाट चढणे हे थकलेल्या अवस्थेत दुपारी उतरण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित आहे. संध्याकाळच्या सुनसानपणाबद्दल मात्र मी वाद घालणार नाही, ज्याला तो नको असेल त्याने तिथे जाऊ नये. भाषेची अडचण तितकी नाही. राहण्याच्या ठिकाणी इंग्रजीवर भागते. मात्र वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिसरात स्प्ल्यूगेनला जर्मन, त्सिलिसच्या बाजूला रोमांश आणि खिंडीपलीकडे इटालियन अशा तीन भाषा बोलल्या जातात, आणि आपल्याकडच्या माणसाला एकाच दिवसात भाषा बदलत जाण्याची सवय असल्यामुळे त्यात मौजच वाटते.

चिक्कोडी_जैन

चर्चेतून निर्णय घेणे सोपे झाले. आमच्यापैकी कोणीच तिकडे गाडी चालवणार नाही. बसने किंवा रेल्वेने हाच मार्ग करता येईल का, आणि कोणता महिना योग्य ठरेल?

टिळकवाडीची_माहेरवाशीण

सहज करता येईल. झ्युरिकहून खूरपर्यंत मुख्य रेल्वे, खूरहून तूझिसपर्यंत तांबडी लहान मापाची रेल्वे आणि तूझिसहून त्सिलिसमार्गे स्प्ल्यूगेनपर्यंत पिवळी टपालबस, असा क्रम आहे. उन्हाळ्यात स्प्ल्यूगेनहून खिंडीवरून कियावेन्नाला उतरणारी बसही असते आणि तिथून इटालियन रेल्वेने कोमो सरोवराच्या काठाने मिलानकडे जाता येते. खिंडीवरच्या बसच्या फेऱ्या थोड्या असतात, म्हणून जागा आधी राखून ठेवाव्यात. त्सिलिसला उतरताना सामानाचा विचार करावा, मोठ्या बॅगा घेऊन चर्च पाहणे कठीण होते. ज्यांना चालण्याची हौस आहे त्यांच्यासाठी तूझिस ते कियावेन्ना असा ६५ किलोमीटरचा खुणा केलेला पायमार्गही आहे, पण आईवडील बरोबर असताना तो विषय सोडून द्यावा.

महिन्याचे म्हणाल तर जुलै आणि ऑगस्टमध्ये हवा उबदार असते, पण दुचाकीस्वारांची घाटात गर्दी होते. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत चांगला वाटतो. त्या सुमारास उंच कुरणांवरची गुरे गळ्यात मोठ्या घंटा बांधून खाली आणतात.

शहापूरकर

सप्टेंबरला माझेही अनुमोदन आहे, फक्त एका गोष्टीची जोड देतो. खिंड साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत बर्फामुळे बंद असते, आणि सप्टेंबरच्या अखेरीसही अवेळी बर्फ पडून रस्ता एखाद्या दिवसापुरता बंद होऊ शकतो. नेपोलियनचे सैन्य घेऊन जनरल मॅकडोनाल्ड १८०० सालच्या डिसेंबरात हीच खिंड ओलांडायला निघाला तेव्हा हिमलोटांत माणसे आणि घोडे वाहून गेले होते, म्हणून माथ्यावरच्या हवामानाला थट्टेवारी नेऊ नये. जूनमध्ये गेलात तरी वर स्वेटर आणि कानटोपी लागते. पासपोर्ट हाताशी ठेवावा. व्हिसा दोन्ही देशांना एकच असला तरी स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेबाहेर असल्यामुळे नाक्यावर कधी कधी तपासणी होते. फोनचे रोमिंग घेताना इटली आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांची नावे पॅकमध्ये आहेत ना, तेही पाहावे. फ्रँकसोबत थोडे युरोही जवळ असावेत, मोंतेस्प्लुगाला कॉफी प्यायची झाल्यास उपयोगी पडतील.

खिंड उघडी आहे की बंद, हे मोटारमार्गावरच्या फलकांवर लिहिलेले असते आणि मुक्कामाच्या ठिकाणीही सांगतात. बंद असल्यास वाट पाहत बसू नये. खानापूरकरांनी सांगितल्याप्रमाणे सान बेर्नार्दिनोच्या बोगद्यातून बेलिंझोनाला उतरावे आणि लुगानोमार्गे कोमो गाठावे. बोगद्याचे तोंड स्प्ल्यूगेनपासून गाडीने फार तर पंधरा मिनिटांवर आहे.

निपाणीकर

परवान्याचा अर्ज आजच भरला. लहान गाडी घेण्याचा सल्ला घरी पटवून देणे बाकी आहे, कारण सामान कमी करायला कोणी तयार नाही.

टिळकवाडीची_माहेरवाशीण

मोठ्या बॅगा रेल्वेकडे सोपवून एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर पाठवता येतात, पण ही सोय स्वित्झर्लंडपुरती आहे, इटलीत नाही. तेव्हा परत झ्युरिकलाच येणार असाल तर जास्तीचे सामान तिथल्या स्टेशनवर ठेवून एका रात्रीचे कपडे आणि कुकर एवढेच बरोबर घ्यावे.

निपाणीकर

कुकर जाईल, लोणच्याच्या बरणीविषयी अजून बोलणी सुरू आहेत.